दोन डब्या, एकच पोट

“या दोन सॅम्पलमधला फरक दाखवा मला,” पटेल सर म्हणाले.

मी स्क्रीनकडे बघितलं. फरक नव्हता. तीच तर अडचण होती.

मी बडोद्यातल्या एका खासगी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, पटेल सर तिथले प्रमुख. तेव्हा आमच्याकडे एक स्टडी चालू होता. नुकताच टाइप टू डायबिटीस निघालेल्या आणि डॉक्टरांनी आधी नुसत्या पथ्यावर ठेवलेल्या लोकांच्या आतड्यातले जिवाणू तपासायचे. गोळ्यांनीही ही जिवाणूंची वस्ती बदलते, म्हणून गोळ्या सुरू होण्याआधीची माणसं हवी होती. तंतुमय अन्न पचवून शरीराला उपयोगी पडणारे काही जिवाणू अशा लोकांमध्ये कमी दिसतात. ते कमी झाले म्हणून साखर वाढते, की साखर वाढली म्हणून ते कमी होतात, यावर अजून वाद आहे.

तुलनेसाठी त्याच घरातलं, साखर नॉर्मल असलेलं माणूस घ्यायचं. त्याला कंट्रोल म्हणतात. दोघांनी तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा शौचाचं सॅम्पल द्यायचं आणि रोज काय खाल्लं ते फूड डायरीत लिहायचं.

दांडिया बाजारातले मोहिते काका आमचे पेशंट, काकू त्यांच्या कंट्रोल. काका गणिताचे निवृत्त शिक्षक. दोघांची दुसरी सॅम्पल्स जुळ्या भावांसारखी आली होती.

“नवराबायको आहेत, सर. थोडं सारखं असणारच.”

“थोडं. ही फोटोकॉपी आहे. तुम्ही एकाच डबीतून दोन ट्यूब भरल्यात. त्या दिवशीची सगळी सॅम्पल्स बाद करावी लागतील.”

त्या दिवशीची सगळी सॅम्पल्स मीच हाताळली होती. दोन दिवस मी स्वतःवरच संशय घेत फिरले. मग फ्रीझरमधून मूळ डब्या काढल्या आणि पुन्हा टेस्ट लावली. उत्तर तेच. म्हणजे गोंधळ आमच्या टेबलावर झाला नव्हता. डब्या घरूनच तशा आल्या होत्या. मग तीन महिन्यांपूर्वीचे रिपोर्ट शेजारी ठेवले. दोन्ही नवी सॅम्पल्स काकूंच्या जुन्या सॅम्पलशी जुळत होती. काकांचं पोट कुठेच नव्हतं.

मी दांडिया बाजारात गेले. काकांनी दार उघडलं.

“या, या, बेसा,” म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. “मजेत ना?”

काकू चहा टाकायला आत गेल्या. मी आवाज खाली आणून म्हटलं, “काका, मशीन म्हणतंय, तुमच्या आणि काकूंच्या पोटात अगदी एकसारखी वस्ती आहे.”

“चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा.”

“पण मागच्या वेळी नव्हती.”

काकांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“तरीच,” आतून काकूंचा आवाज आला. “मी डबी व्यवस्थित भरून ठेवली होती. नंतर बघते तर अर्धी. मला वाटलं, सुकली असेल.”

मी जमिनीकडे बघत राहिले. हसू आवरायला तेवढी एकच जागा होती.

काकू बाहेर आल्या. “छत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या तुम्ही.”

काका माझ्याकडे बघून बोलले. सकाळी फिरायला जातो म्हणून सांगायचं आणि सेव-उसळ खाऊन यायचं, असा महिनाभर क्रम चालला होता. डायरीत मात्र मुगाची खिचडी लिहिली होती. जिवाणू खरं सांगतील आणि रिपोर्ट घरी येईल, याची त्यांना धास्ती होती.

“तुझा ओरडा खाण्याची भीती नव्हती गं,” ते मग काकूंना म्हणाले. “तू माझ्यासाठी गोड सोडलंस. तुझ्यासमोर ते कागद वाचायची लाज वाटली.”

काकूंनी चहाचे कप ठेवले, पदर नीट केला.

“माझी डायरी जरा परत देशील का गं?” त्यांनी मला विचारलं. “मंगळवारच्या नोंदी दुरुस्त करायच्या आहेत.”

“कुठले मंगळवार, काकू?”

“सगळेच. आमचं भजन असतं. नंतर जिलेबी असते.”

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि बायकोला नव्याने बघावं तसं बघितलं. मग दोघं एकदम हसायला लागले. बराच वेळ थांबेनात. माझा चहा गार झाला.

पटेल सरांना मी लेखी रिपोर्ट दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि “सॉरी” म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. मोहिते जोडपं स्टडीतून वगळलं, बाकीची सॅम्पल्स वाचली. काकांची तीन महिन्यांची सरासरी साखर वाढली होती, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आता सकाळी दोघं एकत्र फिरायला जातात, एकमेकांवर लक्ष ठेवायला.

इतक्या वर्षांत एवढं शिकले: मशीन चुकलंय असं वाटलं, तर आधी डायरी लिहिणाऱ्याला भेटावं. आमच्या फॉर्मवर आता एक नवी ओळ आहे, ‘हे सॅम्पल माझं स्वतःचं आहे.’ त्याखाली सही लागते. सरांना साक्षीदाराचीही सही हवी होती. साक्षीदाराने नेमकं काय बघायचं, असं मी मीटिंगमध्ये विचारल्यावर तो मुद्दा मागे पडला.