सिद्धरामचा स्टीलचा डबा

वीरभद्रप्पा पहिल्यांदा सिद्धरामच्या दुकानात आले तेव्हा ते नुसते खाकरले होते. तेवढ्यानं दुरुस्तीला आलेले तीन टीव्ही आपोआप चालू झाले, समोरच्या रसवंतीचा चरक घुंगरांसकट थांबला आणि लातूरच्या गंजगोलाई चौकातली कबुतरं उडाली ती थेट औशाच्या किल्ल्यावर जाऊन बसली. त्यातली चार अजून परतलेली नाहीत असं म्हणतात. सिद्धराम तेवढ्यात टेबलाखाली एक स्क्रू शोधायला वाकला. स्क्रू त्याच्या हातातच होता.

"बाहेर ये रे," वीरभद्रप्पा म्हणाले. "खात न्हाई तुला. लॅपटॉपातल्या गाण्याला तडा गेलाय. काढून दे."

हे २०१० सालचं. वीरभद्रप्पांचं लातुरात भांड्यांचं दुकान होतं आणि चाळीस वर्षं बोटाच्या पेरानं घागरी वाजवून त्यांचा कान असा झाला होता की, बारीक भेग डोळ्याला दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायची. मुलानं लॅपटॉप आणि भारी स्पीकर आणून दिले, अप्पांनी एक भजन ऐकलं आणि सांगितलं, हे भांडं गिऱ्हाइकाला द्यायच्या लायकीचं नाही.

सिद्धरामनं समजावलं की कॉम्प्युटरात गाणं नसतंच, नुसते आकडे असतात. ते आकडे वाचून त्यांचा आवाज करणाऱ्या यंत्राला डॅक म्हणतात, आणि लॅपटॉपातला डॅक हलका असतो. वेगळा, चांगला लावला तर तडा निघून जाईल.

"मग लाव की."

सिद्धरामनं हैदराबादहून सुटे भाग मागवले आणि दोन महिने खपून डॅक स्वतः जोडला. पेटी मिळेना, तेव्हा अप्पांनी दुकानातला जाड पत्र्याचा, चौकोनी स्टीलचा डबा काढून दिला. मागच्या बाजूला भोकं पाडून त्यानं वायरींच्या जागा केल्या. अप्पांनी डोळे मिटून गाणं ऐकलं, डब्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "तडा न्हाई." मग भांड्यांवर नावं कोरायची मशीन घेतली आणि समोरच्या बाजूला कोरलं: सिद्धराम, लातूर, २०१०.

आहेरात द्यायच्या भांड्यांवर लोक आपापली नावं कोरून घेतात. सिद्धरामचं नाव तोवर कशावरच कोरलेलं नव्हतं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. स्वतः केलेली वस्तू ही एकच. त्याची बायको शिवकन्या तेव्हापासून म्हणत आली, "दोन पोरी झाल्या तेव्हा एवढं हसला न्हाईत तुम्ही."

पंधरा वर्षं गेली. टीव्ही दुरुस्त करून घेणारी माणसं संपली. सिद्धराम आता रिमोटची कव्हरं विकायचा आणि दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या पेंगायचा. गुडघे दुखायचे. वीरभद्रप्पा दुकान विकून नांदेडला तरोड्यात मुलाकडे राहायला गेले होते. डबा त्यांच्याबरोबर गेला.

मग अप्पांच्या पंचाहत्तरीला सूनबाई मंजुश्रीनं इंटरनेटवरून गाणी वाजवणारं एक यंत्र आणलं आणि वर्षाची वर्गणी भरली. साधी गाणी नव्हे, हाय-रेझोल्यूशन! आकडे जास्त, म्हणून आवाज जास्त बारीक. डब्याला जोडलं, तर साधी गाणी वाजली आणि भारी गाण्यांना डबा मुका झाला.

"सिद्धराम," फोनवर अप्पा म्हणाले, "तुझा डबा म्हातारा झाला."

लातूर ते नांदेड बस साडेतीन तास घेते. अहमदपूरला चहासाठी थांबते, लोह्याला उगीच थांबते. सिद्धराम मांडीवर पिशवी घेऊन गेला. पिशवीत सोल्डरिंग आयर्न, मीटर, डबे झाडायचा ब्रश आणि शिवकन्येनं दिलेल्या दशम्या.

"अप्पा, ही यूएसबीची वायर तवाच्या हिशोबाची हाय," तो म्हणाला. "आता सेकंदाला चौपट आकडे येऊन राहिलेत. दारच तेवढं न्हाई. यंत्रातून गाणं बारीक करून घेऊ, मग बसंल."

"म्हणजे पोरीनं भारी माल आणायचा आणि तू दारात कापून आत घ्यायचा?"

मुद्दा बिनतोड होता. पण २०१० साली सिद्धरामनं कोणी न सांगता डब्याला दुसरं एक तोंड ठेवलं होतं, पुढंमागं लागेल म्हणून. प्रकाशाची वायर लावायचं तोंड. त्या वायरीतून आकडे विजेनं येत नाहीत, लाल उजेडाच्या उघडझापीनं येतात. त्यामागची चिप तगडी होती. सवयीप्रमाणे त्यानं आधी डबा ब्रशनं झाडला, वायर लावली. सगळ्यात भारी गाणं खणखणीत वाजलं.

"तडा न्हाई," अप्पा म्हणाले. परतीच्या बसमध्ये सिद्धराम लोह्यापर्यंत उगीचच हसत होता.

मंगळवारी फोन आला. साधी गाणी ठीक, भारी गाणी खरखरतात आणि तुटतात.

तो पुन्हा गेला. डबा झाडला, प्रकाशाची वायर बदलली. वाजला. पुढच्या मंगळवारी फोन. मग डबा लातूरला आणला, झाडला, चिप बदलली, आठ दिवस अहोरात्र चालवला. एक खरखर नाही. नांदेडला पोचवला. मंगळवारी फोन.

"तुमचं आणि मंगळवारचं काय वैर हाय?" शिवकन्येनं विचारलं. सिद्धरामला आता बोलायचासुद्धा कंटाळा आला होता.

या खेपेचा फोन मंजुश्रीनं केला होता, फार मायेनं. "काका, किती येरझाऱ्या घालताय. मी एक नवीन डॅक मागवलाय. बोटाएवढा हाय बघा, सगळं वाजवतो."

"आन डबा?"

"चांगला जाड पत्रा हाय काका. शेंगदाण्याच्या चटणीला होईल."

"मागं भोकं हायत त्याला."

"बुजवून घेऊ की."

सिद्धरामला रात्रभर एकच दिसत राहिलं: आपल्या नावामागं भरलेली शेंगदाण्याची चटणी. शनिवारी त्यानं अप्पांना फोन केला. "एकच संधी द्या. ह्या खेपेला न्हाई जमलं तर भरा चटणी."

"हाव. शेवटची," अप्पा म्हणाले.

रविवारी तो पोचला. डबा झाडला, वाजला, नेहमीसारखाच. पण सिद्धराम उठला नाही. म्हणाला, "आज मुक्काम करतो. मंगळवारपर्यंत काय होतं ते बघूनच जातो." मंजुश्रीनं गादी घातली.

सोमवारी सकाळी अप्पांनी स्नान केलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केली, कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढले. सिद्धराम चहा पीत बघत होता. मग अप्पा, बोटं अजून ओली, डब्याकडे आले. मागून प्रकाशाची वायर उपसली. तिच्या टोकाला लाल उजेड होता. अप्पांनी त्याला हात जोडले. मग डब्याच्या त्या बारक्या तोंडावर तीन बोटांनी भस्म लावलं, नीट आतपर्यंत, आणि वायर पुन्हा दाबून बसवली.

सिद्धरामच्या बशीतला चहा मांडीवर सांडला.

"अप्पा! हे काय करून राहिलात?"

"सोमवार हाय न्हवं. ज्योत आत जाते तिथं भस्म नको व्हय?"

"कधीपास्नं?"

"तू ती उजेडाची वायर लावलीस तवापास्नं. आधी कुठं ज्योत होती?"

सिद्धरामनं मनात हिशोब केला. चार खेपा, दोन वायरी, एक चिप. मग हळू म्हणाला, "अप्पा, भस्मामागून उजेड अंधुक येतो. साध्या गाण्याचे आकडे सावकाश येतात, ते वाचता येतात. भारी गाण्याचे घाईनं येतात, ते अंधुक उजेडात वाचता येत न्हाईत. म्हणून खरखर. मी येतो, झाडतो, वाजतं. सोमवार येतो, तुम्ही पुन्हा लावता."

"म्हणजे चूक माझी?"

"तुमची न्हाई. भस्माची."

"भस्माची चूक कशी असंल?" अप्पा ओरडले, आणि शेजारच्या गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल आपोआप सुरू झाली.

स्वयंपाकघराच्या दारात मंजुश्री पदर तोंडाला लावून उभी होती. सिद्धरामनं हात टेकले. "चूक माझीच, अप्पा. सांगायचं राहिलं. भस्म समोर लावा. नावावर लावा, झाकणावर लावा. त्या तोंडात तेवढं नको."

कापसाचा बोळा काडीला गुंडाळून त्यानं तोंड पुसलं. गाणं लावलं, सगळ्यात भारी. अप्पा डोळे मिटून शेवटपर्यंत बसले, मग डब्यावर पेरानं टिचकी मारली.

"तडा न्हाई. मंजुश्री, चटणीला दुसरा डबा बघ."

परतीच्या बसमध्ये सिद्धराम अहमदपूर येईपर्यंत झोपला. हसायला त्राण नव्हतं, पण मंगळवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाही. शिवकन्या म्हणाली, "सुटले बाई." तो महिनाभर दुपारचा पेंगला नाही, रिमोटची कव्हरं पुसत बसायचा आणि गिऱ्हाइकानं विचारलं नसलं तरी त्याला सांगायचा की नांदेडला आपला एक डॅक आहे, पंधरा वर्षांचा, आजचं काहीही वाजवतो.

दिवाळीनंतर नांदेडला एका लग्नाला गेला तेव्हा तो तरोड्यात डोकावला. अप्पा गाणं ऐकत होते. डबा त्याच्या जागेवर नव्हता.

"शरणार्थ, अप्पा," त्यानं हात जोडले. "डबा?"

"देवघरात हाय," अप्पा म्हणाले. "मी म्हटलं, सोमवारी हात चुकून त्या तोंडाला लागायचा आन तुला पुन्हा बसनं यावं लागायचं. किती बेजार करायचं माणसाला? रोज पूजा होते त्याची."

सिद्धरामनं देवघरात जाऊन बघितलं. डबा लखलखीत घासलेला होता. त्याच्या नावावर भस्माचे तीन पट्टे होते. वायर जोडलेली नव्हती. गाणी त्या बोटाएवढ्या डॅकवर चालतात.