मॉनिटरचा जबडा

कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थाला शाळेत ‘वाळवी’ म्हणत. पुस्तक दिसलं की हा लागलाच! बाकीची पोरं मैदानात गुडघे फोडून घ्यायची तेव्हा हा पायरीवर बसून ग्रहांची अंतरं पाठ करायचा. एकदा वर्गाच्या मॉनिटरने त्याच्याच पुस्तकातलं पान फाडलं, बोळा केला आणि म्हणाला, ‘‘वाळवी ना तू? मग खा!’’ वर्ग टाळ्या पिटत होता. वाळवीने खाल्लं. शनी ग्रहाचं पान होतं, कड्यांसकट गिळलं.

तेव्हापासून अंथरुणाला पाठ टेकली की त्याचा खेळ सुरू. कधी मॉनिटरला उकळत्या डांबरात बुडवायचा, कधी भर चौकात नाक घासायला लावायचा. संताप वगैरे काही नाही हो, अगदी चवीने, कुणी झोपण्याआधी दूध प्यावं तसं. लग्न झालं, मुलं झाली, केस गेले, खुराक चुकला नाही. बायको विचारायची, ‘‘अहो, अंधारात हसता कशाला?’’ हा म्हणायचा, ‘‘पित्त झालंय.’’

मॉनिटरची बित्तंबातमी मात्र ठेवून होता. तो मोठ्या गोदामात मुकादम झाला, हमालांवर खेकसतो, सगळे त्याला टरकतात, सगळं याला ठाऊक.

आणि एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ‘‘माप पाठवलंय. गोदामाचे मुकादम आहेत, दिवसभर ओरडायचं काम. वरची कवळी पक्की बसली पाहिजे हं.’’ सोबतच्या चिठ्ठीवर तेच नाव!

मापावरून वाळवीने प्लास्टरचा जबडा ओतला आणि टेबलावर ठेवला. ज्याच्यापुढे याला कधी तोंड उघडता आलं नाही, त्याचं तोंड आता याच्यापुढे वासून पडलेलं. आधी नुसता बघत बसला. मग एक टपली मारली. मग रीतसर शिकवणीच सुरू केली. ‘‘काय रे मॉनिटर, शनीला कडी कशाची असतात? बोल की! दातखीळ बसली?’’

मेणावर बसवलेले दात बाईंनी मुकादमाच्या तोंडात घालून पाहिले, झकास बसले. वाळवीने डाव साधला तो कवळी पक्की करताना. पुढच्या दातांच्या मागे, टाळूच्या बाजूला, कानशीने बारीकशी खाच पाडली. आता मुकादम ‘सरक’ म्हणो, ‘सांभाळ’ म्हणो, नाहीतर ‘सोड साल्या’, शिट्टी वाजणारच. हमाल तोंडावर हसणार, आणि एकदा हसं झालेल्या मुकादमाला कुत्रं तरी विचारतं का?

बाईंचा निरोप आला, ‘‘पेशंट आलेत, शिट्टीचं काहीतरी म्हणतायत. येता का?’’ वाळवी इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

खुर्चीतल्या अगडबंब माणसाने त्याला नीट न्याहाळलं आणि आरोळीच ठोकली. ‘‘अरे, वाळवी! तू केलीस होय ही? स्साली काय वाजते!’’ उठून मिठीच मारली. ‘‘बाई, यानं शाळेत पुस्तक खाल्लंय, विचारा!’’ बाईंना मास्क काढून हसावं लागलं.

‘‘हमाल पहिल्या दिवशी फिसकन् हसले,’’ मुकादम सांगत होता, ‘‘मलाही हसू फुटलं. आता शिट्टी ऐकली की धावत येतात, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालतात. इतकी वर्षं नुसते घाबरायचे रे.’’

‘‘मग… खाच बुजवू ना?’’

‘‘वेडा की काय! जोडीला आणखी एक कर. हुबेहूब अशीच हवी.’’

घ्या! उभ्या जन्मात ज्या माणसाला कुणी जीव लावला नव्हता, त्याची ती सोय आमच्या वाळवीने स्वहस्ते करून दिली. त्या दिवसापासून अंथरुणातला खेळही नासला. डांबरात बुडवलेला मॉनिटर शिट्टी वाजवत वर यायचा.

दुसरी कवळी गेली तशी परत आली. ‘‘ते म्हणतात, पहिलीसारखी खणखणीत नाही,’’ बाई फोनवर हसू दाबत होत्या. ‘‘मन लावून करायला सांगितलंय.’’

‘‘करतो,’’ वाळवी म्हणाला. त्याने कानस घेतली, खाच जराशी खोल केली, कवळी ओठांशी धरली आणि आवाज कसा येतो ते पाहायला तिच्यावर फुंकर मारली. नाही जमलं. परत घासली, परत फुंकली.