साहेबाच्या डोंगराची केली टेकडी

मले कोणाचाही आवाज काढता येते. एस.टी.चा कंडक्टर म्हणा, टॉकीजसमोरचा ब्लॅकवाला म्हणा, नाहीतर पारशिवनीच्या शाळेतले आमचे गणिताचे गुरुजी म्हणा. गुरुजींचं नाक बारा महिने बंद राहे अन् तेवीसचा पाढा त्यायच्या तोंडून शोकसभेसारखा निघे. ऐकलं का माह्या गळ्यात जाऊन बसलंच. नागपूरले मोजणीच्या ऑफिसात सर्वेअर म्हणून चिकटलो, तं जेवणाच्या सुट्टीत डबे उघडाच्या आधी पोट्टे म्हणत, "चल गा, आज कोनाले आणतं?"

सगळ्यात जास्त फर्माईश साहेबाची. साहेब म्हणजे आमच्या विभागाचा मुख्य. धरमपेठेत बंगली, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, बोलणं एकदम पुस्तकातलं. कोणतंही वाक्य सुरू कराच्या आधी दोनदा खाकरणार, मंग "असं पहा" म्हणणार, अन् शेवटचा शब्द असा लांबवणार जसा पतंगाचा मांजा सोडून राहिला. बोलताना हनुवटी वर, जसं काही समोरचा माणूस पायरीखाली उभा आहे. हनुवटी वर केली का आवाज आपोआप निघे. मी हजारदा काढला असन.

साहेबाच्या खुर्चीमागं एक नकाशा काचेत लावून ठेवला होता. पारशिवनीच्या पल्याडचा. त्या भागात दोन डोंगर आहेत, समोरासमोर. लोक त्यायले थोरला अन् धाकला म्हणतात. साहेब नवीन नोकरीत असताना तिथं मोजणीले गेला अन् त्यानं सिद्ध केलं का धाकलाच पाच फुटानं उंच आहे. नकाशात धाकल्याचं नाव ठळक झालं, शिखराचं चिन्ह लागलं, थोरला बारीक अक्षरात गेला. येणाऱ्याजाणाऱ्याले साहेब ते दाखवे. "असं पहा, पिढ्यान्पिढ्या ही माणसं त्या डोंगराखाली राहतात, पण कुठला उंच हे त्यांना ठाऊक नाही. ते सांगायला मला जावं लागलंऽऽ."

मी त्याच भागातला. मले राग येत नव्हता, खोटं कायले बोलू? मी उलट त्या "लागलंऽऽ" वर चांगला हात बसवला होता.

राग आला तो माहा बाप नागपूरले आला तेव्हा.

बाप पारशिवनीले शिलाईकाम करे. मले टेरिकॉटचा पँट शिवून आणला होता त्यानं, कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून. घरी आणाचा सोडून सरळ ऑफिसात आला. दारात चपला काढल्या. मी म्हणलं, "बाबा, घाला न चपला," तं म्हणे, "राहू दे, फरशी चांगली हाये." तितक्यात साहेब केबिनीतून बाहेर आला.

"कोण आपण?"

"मी याचा बाप जी. पोट्ट्याले पँट घेऊन आलो. मांडीत ढिला ठेवला, हा बसून राहते न दिवसभर. काहून का बसल्यावर मानूस फुगते."

सगळे हसले. मीही हसलो, बापाचं बोलणं तसंच आहे, गमतीचं. पण साहेबाले भलतीच लहर आली. मले म्हणे, "असं पहा, तू सगळ्यांच्या नकला करतोस ना? माझीसुद्धा करतोस, कळलंय मला. कर आता वडिलांची. त्यांच्यासमोर. बघू."

मी बापाच्या हातचं पुडकं घेतलं अन् सुतळी सोडाले लागलो.

"नाही जमत? मग मीच करतो." अन् साहेबानं खांदे पाडले, तोंड वाकडं केलं अन् सुरू झाला. "मी बाप जीऽ! पँट जीऽ! मले-तुले-त्यालेऽ, काहून-फाहून जीऽ!"

इतकी भिकार नक्कल मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. माह्या बापाचा आवाज मऊ आहे, सुईत दोरा ओवावा तसा. हा म्हशी हाकलून राहिला होता. पण ऑफिस हसलं. साहेब करते म्हटल्यावर हसावंच लागते.

अन् माहा बाप बी हसला. ओठ उघडले, दात दिसले, डोळे मात्र त्या पुडक्यावर. दुसऱ्याच्या घरात आपल्या हातून कपबशी फुटल्यावर माणूस जसं हसते, तसं. तसाच हसत त्यानं चपला घातल्या, साहेबाले नमस्कार केला अन् एस.टी. धराले गेला.

त्याच दिवशी मी ठरवलं. नोकरी जाओ का राहो, या माणसाले चारचौघात तसंच हसाले लावाचं. दातानं. डोळ्यानं नाही.

कसं लावाचं ते मात्र सुचत नव्हतं. साहेबाची नक्कल करून काय होणार? कँटीनमधले हसणार, साहेब तं तिथं नसणारच. मी वाट पाहत राहिलो. विनोदी माणसाले लोक भोळा समजतात, हे एक बरं असते.

वाट पाहता पाहता लेझरचं यंत्र आलं. पेटीत गादीवर झोपवून आणलं होतं, नव्या नवरीसारखं. या डोंगरावर यंत्र, त्या डोंगरावर आरसा. यंत्रातून बारीक लाल उजेड सुटते, आरशावर आपटून परत येते अन् मधलं अंतर बोटाच्या पेराइतकं बरोबर सांगते. संगं दुर्बिणीनं कोन घेतला का उंची निघाली. वरून हुकूम आला का सगळी शिखरं यानं पुन्हा मोजा. अन् नवीन नियम बी आला. बाजूच्या खिंडीपासून ठरलेल्या उंचीवर उठलं तंच ते शिखर, तितकं नाही भरलं तं टेकडी. नकाशातून चिन्ह काढून टाका.

साहेबानं पयला नंबर कोणाचा लावला असन? "माझ्या डोंगरापासून सुरुवात करूऽऽ."

आमच्या जोडीले मास्तर होते. शाळेतले नव्हे, यंत्रावरचे जुने सर्वेअर, त्यायले सगळे मास्तरच म्हणत. देवभोळेपणा असते तसा त्यायचा मोजणीभोळेपणा. वायरलेसवर कानावर पडलेला आकडा ते दोनदा म्हणून दाखवत, समोरच्यानं "बरोबर" म्हणलं का मंगच शाईनं लिहीत. लिहिलं का ब्रह्मदेव आला तरी खोडत नव्हते. ते यंत्र घेऊन थोरल्यावर चढले. मी अन् साहेब आरसा घेऊन धाकल्यावर. साहेबानं फोटोसाठी टोपी आणली होती.

माथ्यावर पोचलो अन् साहेब थांबला.

इंग्रजाच्या काळात तिथं खडकावर मोजणीची खूण कोरून तिच्यावर छातीइतका दगडाचा ढीग रचला होता, दुरून दिसावा म्हणून. सगळीकडे तशीच रीत होती. जुन्या कागदात त्या ढिगाची उंची चार फूट लिहिली होती. साहेबानं तरुणपणी डोंगराखालूनच ढिगाच्या टोकावरच्या झेंड्याचा कोन घेतला, त्यातून कागदातले चार फूट वजा केले अन् घरी गेला. स्वतः धाकल्यावर चढलाच नव्हता! आज पयल्यांदा चढला. अन् समोरचा ढीग दोन माणसायइतका उंच. शेंदूर फासलेला, वर हिरवा-लाल झेंडा, पायथ्याशी नारळाच्या करवंट्या.

तिथं एक म्हातारी झाडून राहिली होती. देवाची पूजा तिच्याकडंच.

साहेबानं विचारलं, "बाई, हे कोणी रचलं?"

"तुमच्याच लोकायनं बसोला जी देव. गोरा साहेब आला होता म्हनते. आमी सांभाळून राहिलो. ज्याचा नवस पुरा झाला, त्यानं खालून एक गोटा आनाचा अन् देवाच्या डोक्यावर ठेवाचा. माह्या सासूच्या वक्ती बी हा मानसाहून उंच होता."

"म्हणजे... वाढतोय हा?"

"देव हाये बाबू. वाढनच न! थोरल्यावर कोनी गोटा नाई ठेवत, तो बिचारा हाये तितकाच राहिला."

मी साहेबाच्या तोंडाकडं पाहत होतो. असं तोंड फुकट पाहाले भेटत नाही. ज्या पाच फुटावर त्यानं अख्खी नोकरी मिरवली, ते लोकायच्या पोराबाळायचे, गाईबैलायचे नवस होते.

पण साहेब साहेबच. दोनदा खाकरला. हळू आवाजात मले म्हणे, "असं पहा, आरसा ढिगाच्या माथ्यावर लाव. मास्तर ढिगाची उंची विचारतील. मी चार फूट सांगणार. कागदात तेच आहे. समजलं?"

"समजलं साहेब."

"आणि कुठं बोलायचं नाहीऽऽ."

म्हातारीची परवानगी घेऊन, चपला काढून मी ढिगावर चढलो, आरसा बसवला. सवयीनं टेप खाली सोडला, बाजूच्या उघड्या खडकापर्यंत. अकरा फूट. चार नाही. अकरा.

उतरलो तं म्हातारी साहेबाले म्हणत होती, "देवाच्या दारी आला, उपाशी नोको जाऊ. रोडगे केले हायेत. वांग्याची भाजी हाये." ढिगाच्या पल्याड मोहाच्या सावलीत तिनं पत्रावळ मांडली होती. साहेबानं नाही नाही म्हणत रोडगा तुपात बुडवला, मंग दुसरा घेतला. तिखटानं डोळ्यात पाणी, तोंड भरलेलं. वायरलेस माह्याजवळ.

अन् वायरलेस खरखरला. मास्तर.

"हॅलो, हॅलो धाकला. अंतर भेटलं, एकदम चकाचक. साहेबायले द्या. लक्ष्याची उंची, म्हणजे आरसा खडकापासून किती वर हाये ते, फक्त साहेबायच्या तोंडून घेईन."

मी पल्याड पाहिलं. साहेब भाजी मागून राहिला होता.

मी हनुवटी वर केली. दोनदा खाकरलो.

"असं पहा मास्तर, ढिगाची उंची अकरा फूट."

"अकरा? साहेब, जुन्या कागदात चार हाये."

"जुना कागद चूक आहे. म्हणजे, असं पहा, चूक माझीच आहे. मी त्या वेळी डोंगरावर चढलोच नव्हतोऽऽ."

मंग मास्तर, दबक्या आवाजात, "साहेब, हे... हे पन लिहू?"

"लिहा. ठळक अक्षरात लिहाऽऽ."

"अकरा फूट. अकरा फूट. चूक साहेबायची, चढले नव्हते. चूक साहेबायची, चढले नव्हते."

"बरोबर."

इतकं गोड "बरोबर" मी पुन्हा कधी म्हणलं नाही. साहेब हात धुवून आला, म्हणे, "मास्तरांनी विचारलं का?" मी म्हणलं, "हो साहेब, झालं सगळं. तुम्ही जेवत होते म्हणून तुमचाच आकडा सांगितला." तो खूश झाला. जीपमध्ये मले पान दिलं. मी खाल्लं बी.

हिशेब झाला. धाकला थोरल्याहून दोन फुटानं ठेंगणा निघाला. खिंडीपासून मोजला तं नव्या नियमात बसला नाही. टेकडी. मास्तर कागद घेऊन केबिनीत गेले, दार उघडंच होतं, आम्ही सगळे कान टवकारून.

"मी कधी म्हणालो अकरा?"

"साहेब, तुम्हीच म्हणाले. दोनदा खाकरले, असं पहा म्हणाले. मी दोनदा म्हणून दाखवलं, तुम्ही बरोबर म्हणाले. मी तं साहेब, घरी जाऊन बायकोले सांगितलं का असा माणूस पाहिला नाही."

साहेबानं दारातून माह्याकडं पाहिलं. त्याले कळलं. एका क्षणात कळलं. मीही नजर काढली नाही. पण विचारणार काय? "तो मी नव्हतो" म्हणला असता, तं मास्तरायनं पुढचा प्रश्न केला असता, "मंग तुम्ही किती सांगणार होते साहेब?" अन् मास्तर विचारल्याशिवाय राहणारे नव्हते.

"ठीक आहे," इतकंच म्हणला. त्यात काहीच लांबवलं नाही.

मले वाटलं का एवढ्यावरच भागवा लागन. पण मास्तरायची ठळक अक्षरं अन् त्यायले मी सांगितलेली नवसाची गोष्ट वरपर्यंत गेली अन् वरचे मोठे साहेब दौऱ्यावर आले तेव्हा त्यायनं सगळ्या ऑफिसाले हॉलमध्ये बसवलं. म्हणे, "आपल्याच शिखराला आपल्या हातानं टेकडी करणारा अधिकारी! पोरांनो, याला म्हणतात सचोटी. सांगा हो, सगळ्यांना सांगा कसं झालं ते. ते नवसाच्या दगडांचंसुद्धा."

साहेब उभा राहिला. सांगावंच लागलं. लोकायनं गोटे ठेवले अन् डोंगर वाढला, अन् आपण खालूनच झेंडा पाहून घरी आलो. हॉल हसून हसून लोटपोट. मोठे साहेब मांडीवर थापा मारून राहिले. अन् साहेब हसला. ओठ उघडले, दात दिसले, डोळे टेबलावरच्या पेपरवेटवर.

मी पयल्या रांगेत बसलो होतो. पोटभर पाहिलं. मले दया-बिया काही आली नाही, कोणी विचारलं तं आताही नाही म्हणीन.

"आणि वायरलेसवर कसं सांगितलंत?" मोठे साहेब म्हणाले. "तसंच बोलून दाखवा बरं."

साहेब खाकरला. एकदाच. दुसऱ्यांदा खाकरणं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. "असं पहा मास्तर... चूक... चूक माझी आहे..." मेल्या आवाजात, हनुवटी खाली. काहीच नाही जमलं त्याले. तरी टाळ्या पडल्या, साहेब खाली बसला.

टाळ्या विरल्या अन् कोणीतरी मास्तरायच्या आवाजात बोललं, "साहेब, ऐकू नाही आलं. पुन्हा एकदा म्हणा." मास्तर इकडंतिकडं पाहाले लागले, आपण कधी बोललो म्हणून. मी रुमालानं तोंड पुसून राहिलो होतो.

साहेब पुन्हा उभा राहिला.