एकवीस अवजारं आणि एक पक्कड

मंडळी, आज सकाळी मेडशीजवळच्या टेकडीवर आम्ही मित्र फिरायला गेलो होतो. आत्ताच घरी पोचलो. हे सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही.

गेल्या आठवड्यात वाशीमला मल्टीटूल, म्हणजे पक्कड, चाकू, पेचकस असं सगळं एकात घडी होणारं अवजार, घेताना मी एकेक नग कानाशी धरून हलवत होतो. सोबतचा गजानन वैतागला. "रेडिओ घेऊन राह्यला का?" दुकानदारही हसला. पण मी सायकली दुरुस्त करत वर आलेला माणूस. हलवल्यावर खुळखुळलं की जोडाचा खिळा ढिला, एवढं मला ऐकू येतं. गजाननने एकवीस अवजारांचं उचललं. मी सातांचं घेतलं, पण मुकं.

आज चढावर एका आजीने हाक मारली. तिच्या बकरीचा पाय कुंपणाच्या तारेत गुंतला होता. बकरी ओढायची तशी तार आणखी रुतायची.

"पाय जाते पाय तिचा," आजी म्हणाली. "घरी दोन पिल्लं हायेत."

गजानन आपलं एकवीस अवजारांचं काढून पुढे सरसावला. त्याने जोर लावताच त्यातल्या पक्कडीचे जबडे तिरपे झाले. तार तशीच.

"काढ बाबा तुयं," तो हळूच म्हणाला.

माझ्या पक्कडीने दोन दाबांत तार तोडली. बकरी लंगडत का होईना, चार पायांवर घरी गेली. पिल्लं लगेच लुचायला लागली, तेव्हा आजी पहिल्यांदा खाली बसली.

तुम्ही असं अवजार काय पाहून घेता? डब्यावरचा आकडा पाहू नका. दुकानदार हसला तर हसू द्या, तो काही टेकडीवर सोबत येत नाही.