नातीनं मला नाही, त्या बाईंना सांगितलं

मंडळी, आज एका मानसतज्ज्ञ बाईंचा मला लई हेवा वाटला.

गावात गाडीनं एकाला उडवलं, ते माझ्या नातीनं पाहिलं. मी तिला मांडीवर घेऊन रोज विचारायचो, "गाडीवर सुनीलच होता ना?" ती "हो आबा" म्हणायची. त्यावरून शेजारचा सुनील पोलिसांनी धरला.

आज पोलिसांनी जबाबासाठी तिला अंबाजोगाईला बोलावलं, तिथं त्या बाई तिला म्हणाल्या, "मी तिथं नव्हते. तूच सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण."

दाराबाहेर मला ऐकू आलं, "तोंड दिसलंच न्हाई. आबा रागावतील म्हणून हो म्हणले."

सुनील सुटेल, बरंच झालं. पण परतताना पोरगी एसटीत म्हणते, "आबा, त्या बाई लई चांगल्या हायत!" जीव जळाला माझा.

तुमची लेकरं तुमच्यासमोर "माहीत नाही" म्हणतात का हो?