परीक्षेचं सोवळं

माझे जेवढे लाड त्या एका आठवड्यात झाले, तेवढे आयुष्यात पुन्हा कधी झाले नाहीत. आणि त्या लाडांची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. कुणाचा निवत असेल त्याचा निवो बापडा. माझा निवलेला नाही आणि मी तो निवू देणारही नाही.

आमची शाळा नगरला होती. खाजगी संस्थेची, दगडी इमारत, मागे बोर्डिंग. निम्मी मुलं गावातलीच. घंटेला यायची, संध्याकाळी दप्तर उचलून घरी जायची. त्यांना आम्ही ‘घरची’ म्हणायचो. बाकीचे आम्ही बोर्डिंगातले, राहुरी-नेवाशाकडून, पारनेरकडून, कुठून कुठून येऊन पडलेले. माझं गाव कोल्हारच्या जवळ, प्रवरेच्या काठी. घरची पोरं मधल्या सुटीत डब्यातली पोळी आणि लोणचं खायची. आम्हाला भाकरी आणि डाळीचं पाणी. ती आम्हाला ‘ढेकळं’ म्हणायची, आम्ही त्यांना ‘तूपवाले’ म्हणायचो आणि हुतूतूच्या मैदानावर त्यांचं तूप काढायचो. मजेत चाललं होतं. बेचाळीसची धामधूम ओसरली होती, लढाई अजून चालू होती, रॉकेल रेशनवर मिळायचं, आणि मनमाड रस्त्यावरची सर्व्हिस मोटार पेट्रोलऐवजी पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन खोकत धावायची.

बोर्डिंगचे सर्वेसर्वा म्हणजे गृहपती. धिप्पाड माणूस, हातात कायम वेताची छडी. अंथरुणाची घडी वाकडी दिसली तरी छडी चालायची. पण माणूस वाईट नाही, असं सगळेच म्हणायचे. पोरांच्या निकालासाठी जिवाचं रान करायचा. मी तर त्यांना देवच मानत होतो. हेच तर सांगतोय!

त्यांनी बोर्डिंगात एक रीत घातली होती. मॅट्रिकला बसलेल्या बोर्डरनं शेवटचा पेपर होईपर्यंत फाटकाबाहेर एकट्यानं जायचं नाही. पेपरला रांगेत जायचं, रांगेत यायचं. घरून कुणी आलं तरी भेट नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, त्या मुलाच्या कानावर वाईट बातमी जाऊ द्यायची नाही. बैल मेला, खळं जळलं, बहिणीचं ठरलेलं मोडलं, काही का असेना, परीक्षा संपेपर्यंत ते मुलाला शिवता कामा नये. पोरांनी याला नाव ठेवलं होतं ‘परीक्षेचं सोवळं’. गृहपतींना ते नाव इतकं आवडलं की सायंप्रार्थनेनंतर तेच हसून सांगायचे, ‘उद्यापासून मॅट्रिकवाल्यांचं सोवळं सुरू बरं का!’ खालच्या वर्गातली पोरं आमच्याकडे टकामका बघायची. आम्हालाही आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटायचं.

घरच्या पोरांना मात्र सोवळं नव्हतं. ती आपल्या आईच्या हातचं खाऊन पेपरला यायची. त्यांच्या आईबापांना असला नियम सांगायची कुणाची छाती होती? आमचे आईबाप लांब, अंगठा उठवणारे आणि साहेबांपुढे डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहणारे. म्हणून नियम आम्हाला.

माझे पहिले पेपर झकास गेले. मग भूमितीच्या आधी एक दिवस मोकळा होता. त्या दिवशी सकाळपासून मी वरच्या अभ्यासाच्या खोलीत प्रमेयं घोकत बसलो होतो. दुपारी जेवायला खाली उतरलो तर माझ्या ताटात शिरा! बोर्डिंगात शिरा फक्त दसऱ्याला व्हायचा. गृहपतींच्या बायकोनं घरून पाठवला होता, एकट्या माझ्यासाठी. मी म्हटलं, ‘हे काय?’ वाढणारा म्हणाला, ‘खा रे, तुझ्यावर शाळेची भिस्त आहे.’ मी खाल्ला. पुन्हा मागून घेतला. तोही मिळाला.

त्या दिवसापासून सगळं जगच बदललं. गृहपती स्वतः माझ्या कंदिलात रॉकेल ओतून जायचे. एकदा डोक्यावरून हात फिरवला, तर मी दचकून मान खाली घातली, म्हटलं आता छडी बसणार. घरची पोरं मला ढेकूळ म्हणेनाशी झाली. त्यांच्यातला एक, ज्याच्याशी माझं उभं वैर, त्यानं आपली नवीकोरी पेन्सिल माझ्या हातात कोंबली आणि न बोलता पळाला. माझ्या शेजारच्या खाटेवर एका पाद्र्याचा मुलगा झोपायचा, माझा जिवलग. तो माझ्या नजरेला नजर देईना आणि झोपायच्या आधी नेहमीपेक्षा लांबलचक प्रार्थना करायला लागला. मी त्याला चिडवलं, ‘काय रे, पेपर कोरा सोडलास का?’ तो तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिला.

मला वाटलं, मी पहिला येणार हे सगळ्यांना कळून चुकलंय. दुसरं काय वाटणार?

शेवटचा पेपर झाला. आम्ही टोप्या हवेत उडवत परत आलो, तर गृहपतींनी मला घरी बोलावलं. खुर्चीवर बसवलं. कपबशीतून चहा दिला. पितळी सोडून मी पहिल्यांदा कपबशीला हात लावला होता. म्हणाले, ‘बाळ, तू धीराचा मुलगा आहेस. तुझे वडील देवाघरी गेले.’

मी विचारलं, ‘केव्हा?’

‘भूमितीच्या आदल्या दिवशी पहाटे. छातीत कळ आली म्हणे. तुझे चुलते आले होते, मी त्यांना समजावून परत पाठवलं.’

भूमितीच्या आदल्या दिवशी. म्हणजे शिऱ्याच्या दिवशी! तिकडे माझा बाप दारात तिरडीवर आणि इकडे मी मिटक्या मारत शिरा मागून खातोय! सुतकात गोड खाऊ घातलं मला त्यांनी! आम्ही शेतकरी माणसं, दारचा बैल गेला तरी त्या दिवशी चूल पेटवत नाही. हे त्यांना ठाऊक नव्हतं? तेही आपल्यातलेच की!

कप माझ्या हातातून पडला, की मी आपटला, सांगता येत नाही. फुटला एवढं खरं. गृहपती रागावले नाहीत. तुकडे गोळा करत म्हणाले, ‘निकाल लागू दे, मग माझे पाय धरायला येशील.’ पाय! मला वाटलं, तिथल्या तिथे त्यांच्या नरडीला हात घालावा. पण मी काय केलं? मी ‘जी’ म्हणालो. सहा वर्षं बोर्डिंगात काढल्यावर तोंडातून दुसरं काय निघणार? दारात पाद्र्याचा मुलगा उभा होता, ढसाढसा रडत. त्याला म्हणे बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. घरच्या पोरांना चुलत्यामुळे कळलेलं, चुलता मोटार स्टँडवरच्या चहाच्या दुकानात रडत बसला होता ना! सगळ्या नगरला ठाऊक होतं माझा बाप गेलाय. एक मीच शहाणा, सोवळ्यात बसलेलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं निघालो. चढाला मोटार थांबायची, सगळे उतरून ढकलायचे, पुन्हा भट्टीला हवा द्यायची. मला वाटत होतं, या खटाऱ्याला पेटवून द्यावं आणि पळत सुटावं. गावात उतरलो तर घरी कुणी नाही. दहावा होता, सगळे नदीवर.

घाटावर माझा चुलतभाऊ मुंडण करून पिंडापुढे बसला होता. बापाला अग्नी त्यानं दिला. मडकं त्यानं धरलं. माझ्या बापाच्या तोंडात शेवटचं पाणी त्यानं घातलं, आणि मी, पोटचा एकुलता एक, पायात वहाणा घालून पाहुण्यासारखा काठावर उभा. कुणी मला ‘ये’ म्हणेना. बायका पदराआडून बघून कुजबुजत होत्या. पिंड ठेवला आणि कावळा आल्या आल्या शिवला. लोकांनी हात जोडले. मला त्या कावळ्याचाही संताप आला. म्हटलं, एवढं सगळं झालं तरी माझ्या बापाची एकसुद्धा इच्छा मागे राहिली नव्हती का रे?

आईला भेटलो. तिचं कपाळ पाहून मला हुंदका आला. तिनं मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, ‘आला व्हय? पेपर बरं गेलं का?’

मी ‘हो’ म्हटलं. ती म्हणाली, ‘मंग बरं झालं. हातपाय धू.’ आणि पाणी काढून ठेवायला गेली.

मला वाटलं, दुःखानं बधिर झालीय. संध्याकाळी आत्यानं तोंड उघडलं. ती माझ्या बापाची थोरली बहीण, जिभेला हाड नाही. म्हणाली, ‘दीस मावळंस्तवर मयत ठिवलं आमी. तुझी आय म्हनायची, थांबा, माजं प्वार येतंय. आन तुझा चुलता येकटाच आला. म्हनला, प्वार म्हनतंय पेपर झाल्याबिगर येनार न्हाई. अरं, बापापरीस परीक्षा मोटी झाली व्हय रं तुला?’

माझ्या अंगावर कुणी उकळतं पाणी ओतलं असतं तरी बरं. मी उठलो तो थेट गोठ्यात. चुलता गुरांना वैरण टाकत होता. त्याचा सदरा धरला मी, माझ्या चुलत्याचा, ज्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती! म्हटलं, ‘काका, मी कधी म्हटलं असं? कधी भेटलात तुम्ही मला?’

तो म्हातारा रडायलाच लागला. म्हणाला, ‘अरं, मला फाटकाच्या आत घेतलंच न्हाई. सायब म्हनले, हितंच थांबा, मी पोराला इचारून येतो. वर गेलं, खाली आलं, आन म्हनले, पोरगा शाना हाय, त्यो म्हनतो पेपर संपल्यावर येतो. मी पाया पडलो त्यांच्या. म्हनलं, येकदा त्वांड बघू द्या. न्हाई म्हनले. मी काय करू सांग?’

म्हणजे गृहपतींनी थाप मारली. मी वर प्रमेयं घोकत होतो आणि खाली हाकेच्या अंतरावर माझा चुलता उभा होता. नुसती हाक मारली असती त्यानं! पण शाळेत ओरडायचं नसतं, एवढा त्याला शाळेचा धाक.

मी आईकडे धावलो. चुलीपुढे बसली होती. तिचे गुडघे धरून सांगितलं, ‘आई, मला कुणी सांगितलंच नाही गं. मी नाही म्हणालोच नाही. तुझी शपथ, मला ठाऊकच नव्हतं!’

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘व्हय बाबा, व्हय. न्हवतं ठावं तुला.’ लहानपणी भांडण करून आलो की ‘व्हय, तुझी काय बी चूक न्हाई’ म्हणायची, अगदी त्याच आवाजात. चुलत्यानंही येऊन सांगितलं. तिनं त्यालाही मान डोलावून हो म्हटलं. तिला वाटलं, चुलता मला पाठीशी घालतोय. एवढा मोठा साहेब, पोरांना शहाणं करणारा, तो खोटं कशाला बोलेल?

पेटी आणायला नगरला गेलो तेव्हा मी गृहपतींना तोंडावर विचारलं. म्हटलं, ‘माझ्या गावी चला आणि माझ्या आईला खरं सांगा. दुसरं काही मागत नाही.’ ते हसले. म्हणाले, ‘तुझ्या चुलत्यानं ऐकलंच नसतं म्हणून तसं बोललो रे. तुझ्या भल्यासाठीच ना? आणि आईचं मन काय, आपोआप निवळतं.’ आले नाहीत. निकाल लागला, मी शाळेत पहिला आलो, आणि हॉलमधल्या फळ्यावर माझं नाव सोनेरी अक्षरांत लिहिलं. कुणाच्या जिवावर लिहिलं ते कुणी विचारलं नाही.

पुढे कॉलेजसाठी पुण्याला निघालो. आई सकाळपासून दशम्या करत होती. ती एकदा जरी मला टाकून बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी भांडलो असतो, ओरडून ओरडून तिच्या गळी उतरवलं असतं. पण तिनं मला कधीच माफ करून टाकलं होतं, जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल. गाठोडं माझ्या हातात देताना ती म्हणाली, अगदी मायेनं, टोमणा नाही की काही नाही:

‘येक सांगू का? माझ्या येळंला परीक्षा नसली तर ये बाबा. असली तर ऱ्हाऊ दे. तुझं नुकसान नगं.’