विमानाला दिलेला नवा रंग

नांदेडला रेल्वेतून उतरले तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. ढगांवर फवारणी करून पाऊस पाडायला आलेलं एक छोटं विमान लातूरच्या धावपट्टीवर उभं होतं. वीज पडली तर त्यातली यंत्रं वाचतील का, हे तपासायला मला नाशिकहून धाडलं होतं. "जा, बघ आणि सही करून ये," असं आमचे साहेब म्हणाले होते. म्हणजे बघायच्या आधीच सही ठरलेली!

लोह्यापासून एसटीच्या दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं होती. पेरलेलं उगवून करपून गेलं होतं. बसमध्ये मात्र उदगीरचा नवा जिल्हा होणार की नाही, यावर जोरदार जुंपली होती. धोतर नेसलेले एक आजोबा म्हणाले, जिल्हा होईल तवा होईल, आधी नळाला पाणी येऊ द्या. अहमदपूरला भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) खाल्ली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण पेला अर्धाच भरून मिळाला. आणखी मागायची मलाच लाज वाटली.

धावपट्टीवर पोचले आणि कपाळाला हात लावला. मंत्री येणार म्हणून गुत्तेदाराने (ठेकेदाराने) विमान नव्याने रंगवून घेतलं होतं. पाहुणा यायचा तर दाराला रंग द्यायचा, हा इथला रिवाज. उदगीरचे महालिंगअप्पा पेंटर अभिमानाने उभे होते. पंख आणि धड जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्याही त्यांनी सोडवल्या होत्या, खालची जागा घासून, रंगवून त्या पुन्हा बसवल्या होत्या.

"लई मन लावून केलंय, मॅडम," ते म्हणाले. "गंज चढू न्हाई म्हणून."

त्यांना काय बोलणार? वीज पडली की ती विमानाच्या पत्र्यावरून, त्या पट्ट्यांतून वाट काढत बाहेर निघून जाते. त्यासाठी धातूला धातू उघडा भिडावा लागतो. मध्ये रंग आला की वाट बंद, आणि मग ती आतल्या तारांत घुसून रेडिओ, उंची-दिशा दाखवणारे काटे, सगळं जाळून टाकते. मी जोडांना मीटर लावला. एकही जोड धड नव्हता.

तेवढ्यात दक्षिणेकडून काळाभोर ढग चढला. कुंपणाबाहेर गावकरी जमले, आणि अधिकारी धावत आले. उड्डाण आत्ताच हवं, रंगाचं उद्या बघू, म्हणाले. विमानाचे पायलट भास्करराव तर हेल्मेट घेऊन तयारच होते. आयुष्यभर विमानं उडवलेला माणूस, एक फेरी मारून येतो म्हणाला.

मी पाना लावला, पंखाची पट्टी सोडवली आणि मुठीत धरली. आता विमान हलवून दाखवा म्हटलं.

"मॅडम, वरून फोन येतोय," अधिकारी म्हणाले.

"येऊ द्या. वीजही वरूनच येते."

मग भास्कररावांकडे वळले. "ढगात शिरलात की जमीन दिसणार नाही, नुसते काटे दिसतील. ते विझले तर कुठे उतरणार?" त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं.

ढग निलंग्याच्या अंगाने निघून गेला, एक थेंब न टाकता. कुंपणापलीकडून लोक मला नाही नाही ते बोलले. मला रडू येत होतं, पण रडले नाही. उलट जास्तच चिडून जोडांवरचा रंग घासायला बसले. थोड्या वेळाने महालिंगअप्पा शेजारी येऊन बसले आणि स्वतःच दिलेला रंग पत्र्याच्या तुकड्याने खरवडू लागले. तोंडाने पुटपुटत होते, पण हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आला तेव्हा सगळे जोड मीटरवर नीट उतरले होते; मी सही केली. विमान ढगात दिसेनासं झालं आणि लख्खकन वीज कडाडली. मग रेडिओ खरखरला. भास्करराव म्हणाले, "पंखाला बसली. काटे चालू आहेत. येतोय."

पंखाच्या टोकाला जळून पडलेलं भोक घेऊन ते उतरले. औशाकडे भुरभुर झाली म्हणे, लातुरात तीही नाही.

परतीच्या एसटीत चाकूरला डोईवर गाठोडं घेतलेली एक बाई चढली. गाठोडं सीटवर ठेवून शेजारी बसली आणि माझ्या मांडीवरच्या हत्यारांच्या पेटीकडे बघत राहिली.

"इमान अडवणारी बाई ती तुमीच का?"

"हो, मीच."

"त्यो ढग आमच्या रानावरचा व्हता."

खोटं सांत्वन मला जमत नाही. "मावशी, त्या विमानात एक माणूस बसणार होता," मी म्हटलं. "उद्या पुन्हा तसंच असलं तर पुन्हा अडवीन."

ती बाहेरची कोरडी रानं बघू लागली. मग विचारलं, "त्यो माणूस घरी गेला का?"

"गेला."

तिने सीटवरचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि माझ्या पेटीला जागा करून दिली.

ढग परत येईल का, ते मला ठाऊक नाही. भास्करराव परत आले.